पॅकेजवाले सर

नांदेड-लातूर पट्ट्यातल्या कुठल्याही सीनियर कॉलेजात जा. कम्प्युटर लॅबमध्ये एक गृहस्थ दुसऱ्याच्या खुर्चीत बसून तिसऱ्याच्या लॅपटॉपवर काहीतरी खटखटवताना दिसतीलच. स्वतःची खुर्ची त्यांना नसते. स्टाफरूममधल्या खुर्च्या मंजूर पदांच्या हिशोबाने येतात आणि हे पडले तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबी. वय पस्तिशी-चाळिशीच्या मधलं. एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स किंवा कम्प्युटर सायन्स, सेट झालेली, पीएच.डी. 'सबमिशनला आलेली'. सकाळी एका कॉलेजात दोन तास, दुपारी दुसऱ्यात एक, आणि आठवड्यातून एखाद्या दिवशी लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीने लातूर. मस्टरवर त्यांचं आईवडिलांनी ठेवलेलं नाव असतं. लोकांच्या फोनमध्ये मात्र ते 'पॅकेजवाले सर' म्हणूनच सेव्ह असतात. एखाद्याला फारच आदर असेल तर 'आर पॅकेज सर नांदेड'.

ही पदवी त्यांना विद्यापीठाने दिलेली नाही, कोर्सवर्कने दिली. यूजीसीने २००९ च्या नियमावलीत पीएच.डी.ला कोर्सवर्क सक्तीचं केलं आणि त्यात संशोधनपद्धतीचा पेपर आला. पेपरात संख्याशास्त्र आलं, संख्याशास्त्राबरोबर सॉफ्टवेअर आलं. एसपीएसएसला पैसे पडतात, मॅटलॅबलाही पडतात. पेन ड्राइव्हमधून फिरणारं 'क्रॅक' सरांना चालत नाही. ते नाव काढलं तरी सर सोवळ्यात गेल्यासारखे मागे सरकतात. मग उरलं फुकटचं आणि कायदेशीर: आर, ऑक्टेव्ह, सायलॅब, पायथन. हे चारही उतरवून घ्यायला कुणी अडवत नाही. उतरवल्यावर पुढे काय, एवढ्याच प्रश्नावर सरांचं अर्धं आयुष्य चाललेलं आहे.

आरचा इतिहास सर कुणी न विचारता सांगतात. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोघा प्राध्यापकांनी ते रचलं. १.०.० ही आवृत्ती निघाली २९ फेब्रुवारी २००० ला. "वाढदिवस चार वर्षांतून एकदा," असं म्हणून सर थांबतात. कुणी हसलं तर पुढचा इतिहास, नाही हसलं तरी पुढचा इतिहास. मूळ आरमध्ये सरासरी, टी-टेस्ट, रिग्रेशन असा रोजचा संसार असतो. त्यापलीकडचं काही हवं असेल तर ते जगभरच्या लोकांनी लिहून क्रॅन नावाच्या भांडारात ठेवलेलं आहे. १९९७ पासून भरत आलेल्या या भांडारात आज वीस हजारांच्या वर पॅकेजेस आहेत. हवं ते फुकट आणायचं, आपल्या यंत्रात बसवायचं, वापरायचं.

गोम त्या 'बसवायचं' आणि 'वापरायचं' यांच्या मधे आहे. कोर्सवर्कच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती उघडी पडते. वर्गात सोयाबीनच्या भावावर काम करणारे असतात, ग्रंथालयशास्त्राचे असतात, वाणिज्यचे असतात, शाळा सांभाळून पन्नाशीच्या उंबऱ्यावर संशोधनाला लागलेले गुरुजीही असतात. काल संध्याकाळी सगळ्यांचे आलेख निघाले होते. आज कुणाचाच निघत नाही.

"सर, काल तर चालू होतं की ओ! आज फंक्शनच सापडंना म्हणायलंय."

"लायब्ररी टाकलं का?"

"काल टाकलं होतं की."

"काल टाकलेलं काल संपलं, गुरुजी."

इथे सरांचं प्रवचन सुरू होतं. विहिरीत मोटार सोडली म्हणजे पाणी येत नाही. मोटार एकदाच सोडायची, पण स्टार्टर रोज दाबावा लागतो. लाईट जाऊन आली तर पुन्हा दाबावा लागतो. 'इन्स्टॉल पॅकेजेस' ही मोटार, 'लायब्ररी' हा स्टार्टर. आर बंद केलं म्हणजे लाईट गेली. हे उदाहरण मराठवाड्यात कुणालाही दोनदा सांगावं लागत नाही. सगळे माना डोलावतात, गुरुजी तर वहीत मोटारीचं चित्रसुद्धा काढतात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वर्गातले निम्मे लोक पुन्हा इन्स्टॉल करत बसलेले असतात.

कारण लायब्ररीने लोड करण्यापेक्षा इन्स्टॉल दिसायला भारी. लायब्ररीची ओळ टाकली तर पडद्यावर बहुधा काहीच घडत नाही. खाली नुसता पुढच्या ओळीचा बाण येऊन उभा राहतो. काहीच न घडणं म्हणजे काम झालं, यावर आपल्याकडे कुणाचा विश्वास बसणार? इन्स्टॉलला मात्र ओळींमागून ओळी धावतात, टक्के चढतात, एका जीजीप्लॉट२ पायी आरलँग, सीएलआय, स्केल्स अशी त्याची सगळी भावकी हात धरून उतरते. काहीतरी चाललंय, असं वाटतं. म्हणून माणसं रोज न चुकता इन्स्टॉल करतात. विंडोजवर यातून एक दिवस खरंच घोटाळा होतो. पॅकेज लोड असताना त्यालाच पुन्हा इन्स्टॉल करायला गेलं की त्याच्या काही फायली वापरात अडकलेल्या असतात. जुनं निघत नाही, नवं बसत नाही, आणि मागे '००लॉक' नावाची एक फोल्डर राहते. ती राहिली की पुढचं इन्स्टॉलही अडतं. सर येतात, आर बंद करतात, ती फोल्डर शोधून डिलीट करतात, पुन्हा उघडतात. चालतं. सभोवती उभे असलेले लोक एकमेकांकडे असे बघतात, जणू सरांनी विंचू उतरवला.

जीजीप्लॉट२ हे सरांचं लाडकं पॅकेज. हॅडली विकम या न्यूझीलंडच्याच माणसाने ते लिहिलं. त्यातली 'जीजी' म्हणजे 'ग्रामर ऑफ ग्राफिक्स', आलेखांचं व्याकरण. मूळ कल्पना लेलंड विल्किन्सन यांच्या त्याच नावाच्या पुस्तकातली. सर हे गंभीरपणे सांगत असतात आणि मागच्या बाकावरची पोरं शाहिराच्या साथीदारांच्या सुरात 'जी जी' म्हणत असतात. सरांना ते ऐकू येतं. त्यांनाही ते आवडतं, पण तसं दाखवत नाहीत.

नोट्स वाटण्याच्या बाबतीत सरांचं हित आणि लोकांची सोय यांचं कधी जमलं नाही. सर साध्या टेक्स्ट फायलीत कोड देतात. ते कुणीतरी वर्डमध्ये चिकटवून, वर कॉलेजचं बोधचिन्ह लावून, पीडीएफ करून ग्रुपवर टाकतं. वर्ड हा सुशिक्षित कार्यक्रम; तो सरळ अवतरणचिन्हांना वाकडी, देखणी करतो. आरला देखणेपणाचं काही पडलेलं नसतं, ते त्या वाकड्या चिन्हावरच अडून बसतं. बरं, इन्स्टॉल करताना पॅकेजचं नाव अवतरणात घालावं लागतं आणि लायब्ररीत नाही घातलं तरी चालतं. का, असं विचारलं तर सर खरं कारण सांगू शकतात. मात्र ते संपेपर्यंत मधल्या सुट्टीची घंटा होते.

व्हॉट्सॲपची तऱ्हा आणखी वेगळी. फोनवर ओळ टाइप केली की पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल होतं. आरला लहान-मोठ्या अक्षरांत जमीन-अस्मानाचा फरक. देवनागरीत वाढलेल्या माणसाला अक्षराला लहान-मोठेपण असतं हेच मुळात पटलेलं नसतं, तिथे एका मोठ्या 'एल'पायी सगळं अडावं हा त्याला शुद्ध अन्याय वाटतो. "एवढं समजून घ्यायला काय व्हतंय मशीनला?" असं एका प्राध्यापिकाबाईंनी विचारलं, तेव्हा सरांकडे उत्तर नव्हतं. तसा प्रश्न रास्तच होता.

आता सरांचं खरं भांडवल काय, ते सांगितलं पाहिजे. ते पडद्यावरचं लाल अक्षर वाचतात. बस. बाकीचे लाल रंग दिसला की फोन काढतात, लॅपटॉपचा तिरका फोटो घेतात (त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब हवंच) आणि सरांना पाठवतात. सोबत मजकूर एकच: "सर हे बघा". फोटोत काय लिहिलंय ते पाठवणाऱ्याने वाचलेलं नसतं.

याचा उत्तम नमुना म्हणजे ऑक्टेव्ह. इंजिनीअरिंगची पोरं सिग्नल प्रोसेसिंगच्या प्रॅक्टिकलला 'बटर' हे फंक्शन वापरतात. स्टीफन बटरवर्थ या ब्रिटिश इंजिनीअरने १९३० मध्ये मांडलेला फिल्टर; चहात बुडवायच्या बटरशी त्याचा संबंध नाही. विंडोजवरच्या ऑक्टेव्हमध्ये बरीचशी पॅकेजेस आधीच भरून आलेली असतात. 'सिग्नल'ही असतं, फक्त लोड केलेलं नसतं. म्हणजे मोटार कंपनीनेच सोडून दिलेली. पोरगं 'बटर' लिहितं आणि ऑक्टेव्ह त्याला अत्यंत सौजन्याने कळवतं, की हे फंक्शन 'सिग्नल' पॅकेजातलं आहे, ते पॅकेज आपल्याकडे इन्स्टॉल आहे पण लोड केलेलं नाही, आणि लोड करायचं असेल तर अमुक ओळ टाका. ओळसुद्धा तयार करून देतं. सरकारी कचेरीतल्या खिडकीवर एवढं स्पष्ट उत्तर मिळालं असतं तर माणूस गहिवरला असता. इथे पोरगं त्याचा फोटो काढतं.

सर फोटो बघतात, त्यातलीच ओळ वाचतात आणि तीच उलट पाठवतात: 'पीकेजी लोड सिग्नल'. दोन मिनिटांनी हात जोडल्याची चित्रं येतात. "सर, तुम्ही नसता तर आमचं काय झालं असतं!" सर संकोचतात. आपण फक्त वाचलं, हे ते कुणाला सांगत नाहीत. धंद्याचं गुपित असतं.

ऑक्टेव्हच्या नावाबद्दल मात्र ते भरभरून सांगतात. लोकांना वाटतं, हे संगीतातलं सप्तक असेल. तसं नाही. जॉन ईटन यांनी हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं ते केमिकल रिॲक्टरच्या एका पाठ्यपुस्तकाला जोड म्हणून, आणि नाव दिलं आपल्या प्राध्यापकाचं: ऑक्टेव्ह लेव्हेन्श्पील. हे लेव्हेन्श्पील पाठकोऱ्या कागदावर झटपट अंदाजी हिशेब करण्यासाठी प्रसिद्ध होते. १.० ही आवृत्ती फेब्रुवारी १९९४ ची. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडात स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. या दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, तरी सर त्या एका दमात सांगतात. शिष्याने गुरूचं नाव सॉफ्टवेअरला द्यावं, हे त्यांना फार भावतं. त्यांच्या शिष्यांनी त्यांचं नाव आजवर फक्त व्हॉट्सॲप ग्रुपला दिलेलं आहे: 'पॅकेज प्रॉब्लेम ऑफिशियल'.

सायलॅबकडे सर जरा हळवे होतात. फ्रान्समधल्या इन्रिया संस्थेत जन्मलेलं हे सॉफ्टवेअर आपल्याकडे रुजवलं ते आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने. प्राध्यापक कन्नन मौदगल्य हे त्यामागचं नाव. केंद्र सरकारच्या निधीवर चालणाऱ्या या कामात पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली गणितं विद्यार्थ्यांकडून सायलॅबमध्ये लिहून घेतली गेली, त्याचं मानधनही दिलं गेलं. शिवाय दहा-दहा मिनिटांचे स्पोकन ट्युटोरियल, तेही मराठीत. एका बाजूला पाठ चालू ठेवायचा, दुसऱ्या बाजूला स्वतः करून बघायचं. सरांच्या पिढीतली कितीतरी माणसं यावरच तयार झाली. शिकवणीचा क्लास लावल्याशिवाय काही येत नाही, असा ज्या लातुरात बोलबाला, तिथे क्लासशिवाय शिकलेला हा वर्ग.

सायलॅबात पॅकेजला मॉड्यूल म्हणतात आणि ती आणून देणाऱ्या व्यवस्थेला 'ॲटम्स'. एक ओळ टाकायची, मॉड्यूल उतरतं, मग सायलॅब बंद करून पुन्हा उघडायचं. त्यानंतर ते दर वेळी आपणहून लोड होतं. स्टार्टर दाबायची गरज नाही, ऑटो बसवलेला! सर हे सांगतात आणि लगेच पस्तावतात, कारण मोटारीच्या दाखल्याला इथे गळती लागते. गुरुजी वही उघडून विचारतात, "मग आरलाच का नाही ऑटो बसवत?" बसवता येतो. सुरुवातीला वाचल्या जाणाऱ्या एका फायलीत ओळ लिहून ठेवली की झालं. पण मग तोच कोड दुसऱ्याच्या यंत्रावर नेला की चालत नाही आणि का चालत नाही ते कुणालाच आठवत नाही. म्हणून सर ती फायल असते हेच लपवून ठेवतात. २०१७ मध्ये सायलॅब ६ आलं आणि ५ साठी लिहिलेली बरीच मॉड्यूल्स त्यात चालेनात. इमेज प्रोसेसिंगचं जुनं एसआयव्हीपी गेलं आणि आयपीसीव्ही आलं. त्या साली सरांच्या डोळ्यांखाली जी काळी वर्तुळं आली ती अजून आहेत.

लाल अक्षराची दुसरी बाजूही आहे. आर ज्यात चालवतात त्या आर-स्टुडिओत सगळंच लाल धोक्याचं नसतं. 'डीप्लायर' लोड केलं की ते सांगतं, की फिल्टर आणि लॅग ही माझी फंक्शन्स आता तुमच्या जुन्या फंक्शन्सच्या पुढे उभी राहतील. नुसती सूचना, शेजारच्या नव्या भाडेकरूने दार वाजवून ओळख करून दिली एवढंच. पण ती येते लाल अक्षरांत. हे बघून एका वाणिज्यच्या संशोधकाने लॅपटॉपची वायर ओढली होती. दुसरी सूचना असते, हे पॅकेज आरच्या अमुक आवृत्तीत बांधलेलं आहे. तिलाही बहुधा कुणी घाबरायचं कारण नसतं. 'एरर' लिहिलंय की 'वॉर्निंग', एवढं बघा, असं सर घसा कोरडा पडेपर्यंत सांगतात.

वाणिज्यवाल्यांचं आणि एक्सेलचं नातं निराळं. त्यांचे गाईड म्हणतात, आर-बीर काही नको, एक्सेलमध्ये टी-टेस्ट करा. आता एक्सेलमध्ये 'ॲनालिसिस टूलपॅक' आधीपासूनच असतो, फक्त जागा केलेला नसतो. ऑप्शन्समध्ये जाऊन ॲड-इन्सच्या यादीत एक खूण केली की 'डेटा' टॅबच्या उजव्या टोकाला 'डेटा ॲनालिसिस' असं बटण उगवतं. एवढ्या एका खुणेसाठी सरांना वजिराबादहून तरोडा नाक्यापर्यंत गाडीवर नेल्याचं उदाहरण आहे. जाताना मान, येताना रिक्षा.

पायथनने सरांची प्रतिष्ठा वाढवली आणि झोप कमी केली. तिथे पॅकेज एका नावाने आणायचं आणि दुसऱ्या नावाने हाक मारायची, असले प्रकार. आणताना 'ओपनसीव्ही-पायथन', बोलावताना 'सीव्ही२'. आणताना 'सायकिट-लर्न', बोलावताना 'एसकेलर्न'. घरी बंड्या आणि शाळेत विश्वनाथ, ही सवय असलेल्या समाजाला हे जड जायला नको, पण जातं. त्यात एखादा हुशार पोरगा नमपाय शिकताना आपल्या फायलीलाच 'नमपाय' असं नाव देतो. पायथन खरं नमपाय सोडून त्या पोराची फायल उघडतं आणि म्हणतं, यात तर काहीच नाही. पोरगा रडकुंडीला. सर फायलीचं नाव बदलतात. पुन्हा विंचू उतरला.

पण खरा घाव घातला तो गुगल कोलॅबने. लॅबमधली यंत्रं जुनी, म्हणून सरांनीच मोठ्या उत्साहाने मुलांना कोलॅबवर नेलं. सगळं ब्राउझरमध्ये, नमपाय, पांडाज आधीच भरलेलं. जे भरलेलं नाही ते मात्र आणावं लागतं, आणि तिथलं यंत्र थोडा वेळ उसनं मिळालेलं असतं. बैठक संपली की ते जातं, त्यावर बसवलेलंही जातं. म्हणजे दुसऱ्या दिवशी इन्स्टॉलही पुन्हा आणि लोडही पुन्हा. वर्षानुवर्षं 'इन्स्टॉल एकदाच' हे घोकून घेतलेल्या माणसाला वर्गापुढे उभं राहून "इथं मात्र रोज करायचं" असं म्हणावं लागलं. पहिल्या बाकावरून गुरुजींचा आवाज आला, "म्हणजे आमी आदीपासून बरोबरच करायलो होतो म्हणा की!" वर्ग हसला. सरही हसले, पण जरा उशिराने.

मराठीवरूनही सरांनी एक लढाई लढलेली आहे. विंडोजवर जुन्या आरमध्ये देवनागरी मजकूर असलेली तक्त्याची फायल उघडली, की 'नांदेड'च्या जागी कोनी कंसांत यू प्लस ०९२८, यू प्लस ०९३ई अशी माळ उमटायची. तालुक्यांची नावं इंग्रजीत लिहा, असा सोपा सल्ला सर देऊ शकले असते. त्यांनी तो दिला नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये आर ४.२.० आलं, नव्या विंडोज १० वर त्याने यूटीएफ-८ स्वीकारलं आणि 'नांदेड' नांदेडसारखं दिसू लागलं. त्या दिवशी सरांनी लॅबमध्ये स्वतःच्या पैशाने सुशीला मागवली. कशाबद्दल, ते खाणाऱ्यांपैकी कुणालाच कळलं नाही. त्याच आवृत्तीने ३२ बिटच्या यंत्रांना रामराम ठोकला, म्हणून मागच्या रांगेतली काही यंत्रं जुन्याच आरवर राहिली, हा भाग सरांनी सुशीला संपल्यावर सांगितला.

या सगळ्याचे पैसे? छे. चहा मिळतो, नाश्ता मिळतो. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात गाईड, प्राचार्य, पत्नी, ग्रंथपाल आणि टंकलेखक नावानिशी येतात; सर 'ज्ञात-अज्ञात' या शब्दात येतात, त्यातही बहुधा दुसऱ्या अर्ध्यात. त्यांची तक्रार त्याबद्दल नाही. वापरलेल्या पॅकेजचा तरी उल्लेख करा, एवढंच ते म्हणतात. आरमध्ये 'सायटेशन' असं लिहून पॅकेजचं नाव दिलं, की संदर्भ कसा द्यायचा तेही ते स्वतः सांगतं. तरी छापून येतं, 'विश्लेषणासाठी एसपीएसएस वापरले'. का? तर गाईडना तेच नाव माहीत आहे.

सरांचं खरं दुःख निराळंच आहे आणि ते कधीतरी, अहमदपूरच्या स्टँडवर एसटी थांबलेली असताना, बाहेर येतं. एवढ्या वर्षांत त्यांना कुणी संख्याशास्त्र विचारलेलं नाही. बाजार समितीतल्या भावांवर टी-टेस्ट लावलेली त्यांनी आपल्या डोळ्यांनी बघितली. रोजचे भाव हे एकमेकांवर अवलंबून असतात, कालच्या भावाचा आजच्यावर परिणाम होतो, इथे ही टेस्ट चालणार नाही, कालमालिकेचं काहीतरी लावावं लागेल, असं ते म्हणालेही. संशोधक म्हणाले, "ते गाईड बघतील सर. तुम्ही तेवढं लोड करून द्या." सरांनी लोड करून दिलं. चुकीचं उत्तर बरोबर निघालं.

एप्रिल आला की आरची नवी आवृत्ती येते, ४.३ असो, ४.४ असो, मुहूर्त ठरलेला. विंडोजवर प्रत्येक अशा आवृत्तीची पॅकेजांची फोल्डर वेगळी. जूनमध्ये कॉलेजं उघडली की उत्साही मंडळी नवं आर उतरवतात आणि फोन सुरू होतात: "सर, सगळी पॅकेजेस गेली!" गेलेली नसतात, जुन्या आकड्याच्या फोल्डरमध्ये असतात; नव्यासाठी मात्र पुन्हा बसवावी लागतात. नेमकं याच दिवसांत सरही कागदपत्रांची फाइल काखेत मारून फिरत असतात. मागच्या वर्षीची नेमणूक मागच्या वर्षाबरोबर संपलेली असते. सेट तीच, पदवी तीच, अनुभव एका वर्षाने वाढलेला. पण अर्ज नवा, मुलाखत नवी, झेरॉक्स नव्या.

लातूरच्या एका कॉलेजातली अशीच मुलाखत. टेबलापलीकडे पाच जण. मधल्या खुर्चीतल्या साहेबांनी फाइल चाळत विचारलं, "अनुभव किती?" सरांनी वर्षं सांगितली. "सलग?" सर म्हणाले, "तसा दर वर्षी नव्याने." बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी मध्यक आणि बहुलक यांतला फरक विचारला. सरांनी तो बी.एस्सी. प्रथम वर्षाला सांगतात तसा सांगितला. कोपऱ्यातल्या बाई फाइलीतल्या फोटोकडे आणि सरांकडे आलटून पालटून बघत होत्या. "तुम्ही ते पॅकेजवालेच ना ओ?" सर म्हणाले, "हो मॅडम." खोलीतलं वातावरण एकदम बदललं. साहेबांनी फाइल मिटवली, बाजूचा लॅपटॉप पुढे सरकवला. पडद्यावर लाल अक्षरं होती.

सरांनी ती वाचली, एक ओळ टाकली, आलेख उमटला. बाईंनी टाळी वाजवता वाजवता हात आवरला.

"आमचा निकाल कधी कळेल सर?" सरांनी उठताना विचारलं.

"कळवू की. वरून मान्यता येऊ द्या," साहेब म्हणाले. "आणि तुमचा नंबर तेवढा देऊन ठेवा हो. हे उद्या परत असंच झालं तर?"

नंबर फाइलीच्या पहिल्याच पानावर, फोटोच्या खाली, ठळक अक्षरांत होता. सरांनी तो पुन्हा सांगितला. पाचही जणांनी लिहून घेतला.